ताटी

मार्च ते जून मी या शहराला गार करतो.
जरीपटका, मानेवाडा, दिघोरी,
गाडीला मागे बांधलेल्या कूलरच्या ताट्या,
कानावर हिशोबाची पेन्सिल.
जुनं गवत काढलं की बोटांना काळं लागतं,
चिकट, गोडसर वासाचं.
गिऱ्हाईक विचारतं, "हे काय हो, धकाते?"
मी सांगायचो, "पाण्याची घाण. नवी ताटी टाकतो ना."
विषय संपायचा.

पाचपावलीतल्या आमच्या खोलीला एकच खिडकी.
तिच्यात कूलर बसवला त्याला सहा वर्षं झाली.
कुहू पोटात होती, पारा शेहेचाळीसवर,
माधवी फरशीवर ओला टॉवेल टाकून झोपायची.
त्या उन्हाळ्यात मी खिडकी दिली आणि गारवा घेतला.
पावसाळ्यातही काढला नाही.
काढून ठेवायचा कुठे?

दर वाढदिवसाला भिंतीवर कुहूची उंची,
कानावरच्या त्याच पेन्सिलीनं.
दोन फूट नऊ. तीन फूट दीड. तीन फूट चार.
खालून दुसरंही काही वाढत होतं,
त्याला वाढदिवस लागत नव्हता.
तान्ह्या पोळ्याला ट्रंकेमागून तिचा लाकडी बैल काढला
तर त्याच्या पाठीवर हिरवट मऊ झूल.
"धुवू नका पप्पा, छान आहे," म्हणाली,
आणि दिवसभर गालाशी धरून हिंडली.

निमजेकाकांनी चुना मारून दिला.
"पाचपावलीत ओल कोणाच्या घरी नाही बापा?"
चुन्याखाली रेषाही गेल्या.
पंधरा दिवसांनी ओल परत आली.
रेषा नाही आल्या.

मी आवाजावरून मोटर ओळखतो.
बुश गेलाय, कपॅसिटर गेलाय, पंखा जाळीला घासतोय.
रात्री दोनला तिच्या छातीत बारीक शिट्टी वाजते,
तिला माझ्याकडे पाना नाही.
उशी सोडून बसते, गुडघ्यांवर हात,
फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाते.
"पप्पा, मी धावली नाही, तरी दमली."

कोणी म्हणालं दृष्ट, कोणी म्हणालं सर्दी मुरली.
शेजारणीनं ओव्याची पुरचुंडी दिली.
आम्ही संत्री बंद केली.
नागपुरात, लेकराची संत्री.

मेडिकलच्या ओपीडीत एक नवी डॉक्टरीण,
दाराबाहेर ही रांग,
तरी तिनं पेन खाली ठेवला.
"घरात ओल आहे? भिंतीला काही काळं?"
मी म्हणालो, "नाही."
काहून म्हणालो?
केसपेपरवर आपलं घर लिहिलं जाईल, तेवढ्यासाठी.
कुहू म्हणाली, "आहे ना. माझ्याएवढं आहे."

डॉक्टरीण हसली नाही.
पंप लिहून दिला, फुग्यासारखी नळी कशी धरायची ते दाखवलं.
"यानं दम थांबेल," म्हणाली, "भिंत थांबणार नाही.
हवा येऊ द्या. पाणी कुठून मुरतं ते शोधा."

चारही स्क्रू गंजले होते.
कूलर निघाला तेव्हा खिडकीत आधी गल्ली दिसली,
मग कोणाच्या तरी फोडणीचा ठसका,
मग ऊन, ट्रंकेपर्यंत.
मायलेकींना बाहेर पाठवलं,
तोंडाला फडकं बांधून पोपडे खरवडले.
एका पोपड्यामागे पेन्सिलीचं "दीड" निघालं,
हातातच भुगा झालं.

वरच्या मोरीचा पाइप अजून गळतो.
निमजेकाका दिवाळीनंतर पाहू म्हणतात.
शिट्टी कमी आहे. गेली नाही.
बैल उन्हात आहे, रंग उडाला त्याचा.

आता जुनी ताटी काढली की
मी हातावरचं काळं गिऱ्हाइकासमोर धरतो,
विचारतो, "घरात लहान लेकरू आहे का?"
काही जण चिडतात. "ताटीचे किती ते सांग."

कूलर गच्चीवर पालथा आहे.
एप्रिल येईल, पारा चढेल,
कुहू घामानं उठून बसेल,
आणि मी, शहराला गार करणारा,
खिडकीसमोर पाना घेऊन उभा असेन.
काय करेन, अजून ठरलं नाही.
उंची आता दाराच्या चौकटीवर मांडतो.
तीन फूट सहा.