लहान सिग्नल

बोतेवग्रादच्या रात्रशाळेत
झ्द्राव्का बाई फळ्यावर ट्रान्झिस्टर काढायच्या
आणि लगेच पुसून टाकायच्या.
"हा आता नाही," म्हणायच्या,
"याच्या जागी एक रोध, एक प्रवाहाचा स्रोत. संपलं.
अट एवढीच, की बेसवर येईल ते लहान हवं,
सव्वीस मिलिव्होल्टहून पुष्कळ लहान.
वाकड्या रेषेचा इतका चिमुकला तुकडा घ्या
की तिला स्वतःलाच आपण सरळ आहोत असं वाटावं."

मागच्या बाकांवर आम्ही कारखान्यातल्या मुली,
बोटांना ॲसिटोनचा वास,
दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक तारा जोडून
डोळे चुरचुरत असलेल्या.
आम्ही त्याला रोज पाहत होतो:
तिळाहून लहान, करडा,
शिंकलं तर हरवणारा.
तो असा डस्टरखाली गेला की
मला तरी जरा लागायचं.

मग बाई बॅटरीकडे वळायच्या.
"नऊ व्होल्ट. आजही नऊ, उद्याही नऊ.
जे बदलत नाही ते आपल्या हिशेबात शून्य.
द्या तिला अर्थ."
आम्ही वरची तार वाकवून खाली आणायचो,
तीन आडव्या रेघांवर टेकवायचो.

बाबा तेव्हा अकरा वर्षं भट्टीवर, तिसऱ्या पाळीत.
तोच डबा, तेच पांढरं चीज, तीच भाजलेली मिरची.
घरात बातम्या असायच्या त्या इतरांच्या:
आईची पाठ,
योर्दानचं सोफियाला निघून जाणं,
माझी कुणाकुणाशी भांडणं.
बाबांचं कोणी विचारलं तर
आम्ही म्हणायचो, "आहेत."

(एकदाच ओरडले होते. योर्दान गेला त्या पहाटे.
त्या आवाजाला लावावं असं मॉडेल
बाईंकडेही नसणार.
वरून सपाट, खालून सपाट,
दोन्हीकडून कापला गेलेला.)

त्या रात्री वहीत मी तार खाली आणली
आणि पेन्सिल तिथेच अडली.
"बाई, म्हणजे बॅटरी काढूनच टाकली?"

कोणीतरी फिदीफिदी हसलं. बाई नाही हसल्या.
माझ्या वहीवर वाकल्या, खडूने माखलेलं बोट
एमिटरच्या रोधावर ठेवलं.
"हे सव्वीस ओहम कुठून आणलेस?"
"सव्वीस मिलिव्होल्ट भागिले एक मिलिअँपिअर."
"आणि तो एक मिलिअँपिअर कोणाचा?"

मी गप्प.

"चित्रात नाही ती," बाई म्हणाल्या,
"आकड्यांत आहे. सगळ्या."
आणि पुढच्या बाकाकडे गेल्या.
वहीवर खडूचा ठसा राहिला.

घरी येऊन गणित पुरं केलं.
कलेक्टरला चार हजार सातशे ओहम, भागिले सव्वीस:
उणे एकशे ऐंशी.
उणे, कारण इकडे वर गेलेलं
तिकडे खाली येऊन भेटतं.

सहाला किल्ली फिरली.
बूट, एक. बूट, दोन.
खाकरणं नेहमीचंच.
पण आज दुसऱ्या बुटाआधी
ते किंचित थांबले होते.
कोणाला कळलं नसतं
इतकंसं.

मी वही मिटली,
डोंगरी चहाचं भांडं चुलीवर ठेवलं
आणि पहिल्यांदाच विचारलं,
"बाबा, काय झालं?"