इतर मौल्यवान मोबदला

रात्री साडेनऊला, खराडीच्या सातव्या मजल्यावर
माझं डेटन सुरू होतं.
तिथे तेव्हा बरोबर दुपारचे बारा.
मी कधी गेले नाही. ओहायोतलं हे मध्यम गाव
मला कागदामागून कागद असं माहीत आहे:
खरेदीखतं, गहाणखतं, वारसनोंदी,
शंभर वर्षांची, स्कॅन केलेली, कडा करपलेली.
नाव, प्लॉट नंबर, तारीख, पुढचं.
तासाला चाळीस. चुका दोन टक्क्यांच्या आत.

एल्मा क्राउस, विधवा, १९०९.
घर नदीपासून चार गल्ल्यांवर.
मोबदला: एक डॉलर आणि इतर मौल्यवान मोबदला.
जवळजवळ सगळ्या खतांत हेच. पहिल्या आठवड्यात वाटलं,
काय स्वस्त गाव आहे!
तितिक्षा हसली, अगं, खरी रक्कम
कागदावर सांगायची नसते.
म्हटलं, मग आपलेच की हे लोक.

गल्ल्याच्या यंत्रांचं गाव.
ड्रॉवर उघडला की घंटी वाजणार, मालकाला कळणार.
नोकर पैसे मारतो हा संशय
ओतीव लोखंडात बसवून
जगभर विकणारं गाव.
आमच्या पेठेत सहज खपलं असतं.

१९१३च्या मार्चपाशी माझ्या खोक्यातल्या नोंदी थांबतात.
कुणी काही विकलं नाही, घेतलं नाही.
मग एकदम क्राउसबाईंचा प्लॉट:
‘इमारत नसलेली जमीन’.
जेवणाच्या सुट्टीत शोधलं.
पूर. भररस्त्यात बुडालेले घोडे,
माळ्यावर माणसं, पाण्यावर आग.

बाबा आठ वर्षांचे होते, बारा जुलै एकसष्ट,
जुन्या बाजाराच्या मागे.
ते ही गोष्ट नेहमी नव्या चपलेपासून सुरू करतात,
भिजू नये म्हणून ती हातात घेऊन
ससूनच्या जिन्याकडे पळाले तिथपर्यंत,
आणि पाणी येण्याआधी थांबतात.

तिथे पूर आला म्हणून धरणं बांधली.
आमचं धरण फुटलं म्हणून पूर आला.
त्यांची पाच धरणं, तीही मातीचीच,
एरवी कोरडी उभी असतात
तळाशी भोक ठेवून,
आतल्या बाजूला चक्क शेतं.
बाबांना सांगितलं तर म्हणाले,
रिकामं धरण? मग आमच्याकडे
सगळं भरूनच का ठेवतात?

१९२६चं खोकं. तिसरं कलम:
हे घर अमुक वर्णाच्या माणसास विकू नये,
भाड्याने देऊ नये,
नोकर म्हणून राहिल्यास हरकत नाही.
हे टाईप करायचं नसतं. याला रकाना नाही.
पण मी वाचते.
कर्वेनगरला खोली बघायला गेले होते,
बाईंनी आधी आडनाव विचारलं
आणि भाडं सांगितलंच नाही.

पुढची खतं भराभर येतात.
कारखाना गेला, मग दुसरा.
माणसाकडून बँकेकडे, बँकेकडून काउंटीकडे.
क्राउसबाईंच्या गल्लीत आता
एक डॉलर म्हणजे खरोखर
एक डॉलर,
आणि इतर मौल्यवान असं काही
लिहायलासुद्धा कुणी थांबत नाही.

सकाळी सातला कॅब गोखलेनगरच्या चढाला सोडते.
पूरग्रस्तांना दिलेली अर्धगोल पत्र्याची खोली होती इथे,
तिच्या जागी दोन खोल्या, वर एक, खाली रसवंती.
कागदावर अजून पत्राच,
आणि मालक सरकार.
बाबा आंघोळ करून तयार.
आज पुन्हा कलेक्टर कचेरी.
नवा साहेब, जुनाच अर्ज.

किती वेळ लागतो गं तिकडे,
घर नावावर व्हायला?
मी तासाला चाळीस करते, बाबा.

ते काही बोलत नाहीत.
फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालतात,
ती आणखी एका पिशवीत,
तोंडाशी दुहेरी गाठ मारतात,
बाहेर लख्ख ऊन असताना.