नववी नळी

देवनारला पहिल्यांदा गेले तेव्हा मागितलं होतं काळीज.
गफूरभाईंनी यकृत दिलं,
गरम, ओलं, हातातून निसटणारं.
मला हवं होतं हृदय.
कवी ज्याला काळीज म्हणतात ते.
खाटीक ज्याला म्हणतात ते निराळं,
हे बी.एस्सी.ला शिकवत नाहीत.
थर्मासात बर्फ वितळत होता, परळची बस सुटत होती.
म्हटलं, यकृत तर यकृत.
त्यावर एकतीस वर्षं गेली.

चार अंशांची खोली, बाहेर मे.
आईने विणलेला स्वेटर खुंटीवर कायमचा,
कोपरांना रसायनांची भोकं.
सावळाराम घाग म्हणायचा,
बाई, तुमचा हिवाळा दाराला कुलूप लावून ठेवलाय.

लग्नाकार्यात विचारायचे, नक्की करतेस काय?
मी सांगायची: माणूस घाबरला
की रक्तात एक रसायन सुटतं.
ते पेशीच्या दाराशी येतं. आत जात नाही.
उंबऱ्याबाहेरून कडी वाजवतं,
आणि आतला दुसराच कुणी उठून
निरोप घेऊन धावत सुटतो.
कोठारं उघडतात, साखर सांडते रक्तात,
पाय पळायला मोकळे.
आत्या म्हणायची, म्हणजे मधुमेहाचं औषध?
हो, म्हणायची मी. मठ्ठा वाढ अजून थोडा.

माझं वेड त्याच्या पुढचं.
निरोप पोचल्यावर तो पुसतं कोण?
कोठार उघडंच राहिलं तर घर धुऊन निघेल.
मागाहून येणारं एक विकर असतं,
वरात गेल्यावर मांडव झाडणाऱ्यासारखं,
स्फुरदाचा कण न् कण उचलून नेणारं.
सहा वर्षं त्याने मला चकवलं.
सातव्या वर्षी हाती लागलं,
आणि त्याच आठवड्यात बोटीने आलेल्या अंकात
ते दुसऱ्या कुणाला लागलेलं,
चार महिन्यांपूर्वीच.
त्या दिवशी कॅन्टीनमध्ये साबुदाण्याची खिचडी मागवली,
उपास नसताना.
दुसऱ्या दिवशी देवनार.

हे सांगायचंच राहिलं.
एकोणनव्वदचा ऑक्टोबर. तुर्भ्याहून ताजा स्फुरद आलेला,
किरणं सोडणारा, चौदा दिवसांत अर्धा होणारा.
सोळा नळ्या.
दर तीस सेकंदांना एक थांबवायची, आम्ल घालून.
सहावीला सावळाराम दारात.
केईएमहून फोन, बाई. अण्णांचं.
आत यायची त्याला मनाई होती, तो उंबऱ्यावरच थांबला.
घड्याळ चालू होतं.
मी सातवी थांबवली. आठवी.
नववीला हात हलला, थेंब जास्त पडला.
दहा ते सोळा नीट.

पाच मिनिटं.
रस्ता ओलांडायला चार लागतात.
अण्णा त्यांतल्या कितव्या मिनिटाला गेले
कुणी लिहून ठेवलं नाही.
तिकडे स्टॉपवॉच नव्हतं.
माझ्या यकृतात मात्र साखर सुटली होती भसाभस,
आणि मी पळाले नव्हते.

तिसऱ्या आकृतीत तो बिंदू आहे,
रेषेपासून जरा वर सुटलेला.
परीक्षकाने विचारलं, हा असा का?
मी लिहिलं, प्रायोगिक त्रुटी.

आज निरोप समारंभ.
शाल, नारळ, आणि भिंतीवरचं घड्याळ, सेकंदकाट्यासकट.
संचालकांनी माझ्या विकराचं नाव दोनदा चुकवलं.
दोन शब्द बोला म्हणाले.
बोलणार होते, की आपल्या भाषेत
जो येतो तोही निरोप, जो देतात तोही;
पण समोशांच्या बशा फिरायला लागल्या होत्या.
आभार म्हटलं आणि बसले.

मग खाली आले, फ्रीझरची किल्ली द्यायला.
प्रयोगशाळेत नीलाक्षी एकटी,
पुढ्यात नळ्यांची रांग, ओठांत आकडे.
आठ, म्हणाली ती. मान वर नाही केली.
किल्ली मुठीत गरम होत गेली.
मी उंबऱ्यावरच थांबले.
कडी वाजवली नाही.
नऊ, म्हणाली ती,
आणि तिचा हात हलला नाही.