शून्याची चूक

सोहारच्या कॅम्पात, खोली नंबर सतरामध्ये,
एसीच्या जाळीतून पहिल्यांदा मराठी ऐकू आली
तेव्हा रात्रीचे पावणेतीन वाजले होते
आणि खोलीत मराठी कळणारा मी एकटाच.

"ह्याच्या हाताला यश नाही."

एवढंच. मग परत घरघर,
खालच्या बंकवर शिबूचं घोरणं.

मी घाबरलो असेन, असं सगळे धरून चालतात.
घाबरलो नंतर. आधी ओळखलं.
कित्येक वर्षं ज्या निरोपाची वाट बघत होतो
तो कुणीतरी अखेर आणून पोचवला होता,
तोही शुद्ध आमच्या देवरुखच्या हेलात.

काम माझं गेज तपासायचं.
समुद्र एकीकडून आत येतो, गोडं पाणी दुसरीकडून जातं,
मधल्या प्रत्येक नळीवर एक काटा,
आणि प्रत्येक काट्यावर माझी सही.
जूनमध्ये तिलकच्या हातावर वाफ आली.
चौकशीत लिहिलं, गॅस्केट जुनं होतं.
कागद मला दाखवला, अरबीत आणि इंग्रजीत.
दोन्ही भाषांत मी निर्दोष.
मला मात्र तिसरी भाषा येत होती.

मग झोप गेली.
जेवताना आपलाच हात ताटात बघवेना.
मग पांढऱ्या पिकअप गाड्या
माझ्यासाठी थांबायला लागल्या,
फलजच्या वळणावर, लुलूच्या दारात,
सगळ्यांच्या नंबरात शेवटी सात.
निर्मलाताईनं फोनवर विचारलं, "जेवलास ना?"
ती हे कुणाच्या सांगण्यावरून विचारतेय, ते मला कळलं.

एक गोष्ट कुणी विचारत नाही म्हणून सांगतो.
त्या दिवसांत मला एकटं वाटलं नाही.
ज्याला फोरमन बॅजच्या आकड्यानं हाक मारतो
त्याच्यावर एवढ्या गाड्यांनी पाळत ठेवावी!
भीती होतीच,
पण भीतीच्या पोटात मूठभर मान होता.
गोळ्यांनी गाड्या गेल्या तेव्हा
त्या मानासाठी मी दोन दिवस रडलो.

डॉक्टर इल्हाम सुदानच्या.
हिंदी पेशंटांकडून शिकलेल्या, मोडकी, पण पुरेशी.
"आवाज खोटा आहे" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.
विचारलं, "हे वाक्य आवाजाच्या आधी
कोण म्हणत होतं?"

मी नऊ वर्षांचा. परड्यातल्या विहिरीवर पंप.
वॉशर मी उलटा बसवला.
बाबा बोलले, हात पुसले, जेवायला गेले,
आणि आमटीला मीठ कमी म्हणून आईवर चिडले.
ते एकदाच बोलले होते.
बाकी तीस वर्षं मीच बोलत होतो,
दाढी करताना, परीक्षेच्या यादीपुढे,
व्हिसाच्या रांगेत, स्वतःच्या लग्नातसुद्धा.
जाळीला नवीन काही सुचलं नव्हतं.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकवतात.
गेज नळीवरून काढायचं, हवेला मोकळं सोडायचं.
काहीच दाब नसताना काटा दोनवर असेल
तर त्याला शून्याची चूक म्हणायचं.
असा काटा खोटं बोलत नाही.
दाब वाढला की तोही चढतो, इमानानं चढतो,
फक्त आधीच दोननं चढलेला असतो.
तिलकचा हात खरा भाजला होता.
माझी शरम खरी होती.
मी डॉक्टरांना हे सांगितलं
तर त्यांनी ते कागदावर उतरवून घेतलं
आणि गेजचं स्पेलिंग विचारलं.

आता बरा आहे, म्हणजे
महिन्यात दोनतीनदा येतो आवाज,
बहुतेक रात्रपाळी लागली की.
पिकअप म्हणजे पिकअप. नंबर अजून वाचतो, सवयीनं.

काल तिलक मिक्सर घेऊन आला.
त्याच्या उजव्या हाताची कातडी
नव्या प्लास्टिकसारखी चकाकते, बोटं पुरती मिटत नाहीत.
"दाइ, हेर्नु न," म्हणून समोर ठेवला
आणि माझ्याच खाटेवर ऐसपैस बसला.
मी खालची झाकणी उघडली.
जाळी म्हणाली, ह्याच्या हाताला यश नाही.
"असेल," मी म्हटलं, मोठ्यानं.
तिलकला वाटलं, मिक्सरविषयी बोलतोय.
"कार्बन गेला असेल," तो म्हणाला.
कार्बनच गेला होता.