क्षेमकल्याणी, डॉक्टरच्या कामात

बत्तीस सिनेमे, चार मालिका,
आणि दर वेळी दार ढकलून बाहेर येणं,
चष्मा काढणं:
"आम्ही खूप प्रयत्न केले."

रविवार कारंजावरचा शिंपी अजून पाय पुढे करतो,
डॉक्टर, गुडघा बघा ना.
हे सांगतात, जिने टाळा.
गुण येतो म्हणे.

परवा सिव्हिलमध्ये, धाकटा भाऊ आत.
दार उघडलं. पंचविशीचं पोरगं,
हातमोजा ओढत राहिलं नुसतं,
वाक्यच सुचेना.
क्षेमकल्याणी उठले,
विंगेतून सांगावं तसं
हळूच म्हणाले, "आम्ही खूप..."
"...प्रयत्न केले," पोरगं म्हणालं.
मग निरखून: "सर, तुम्ही ते... मालिकेतले ना?"

हो म्हणाले.
पेन मागितलं.
सवयीनं डॉक्टरच्या रकान्यात गेलेली सही
खोडली,
खाली केली. नातेवाईक.