साबुदाण्याची खळ

एनॉक स्क्रिमशॉ पहिल्यांदा दारात आला
तेव्हा खांद्यावर साठ वार तागाचं कापड होतं
आणि बुटांत समुद्राची वाळू.
मेबलथॉर्पला माझ्याकडे शिडं यायची, कफनं यायची,
चॅपलमधल्या मुलींचे लग्नाचे झगे यायचे;
माप सगळ्यांनाच लागतं.
तो म्हणाला, "मिसेस पिंचबेक, हे वाऱ्याला घालायचंय.
त्याचं माप मी अजून घेतोय."

इंचाला नऊ टाके, असं ठरलं.
मी अकरा घातले.
त्याने भिंग लावून मोजले, वहीत टिपले,
वरच्या दोन टाक्यांचे पैसे वेगळे देतो म्हणाला.
दिले मात्र नाहीत.

मग खळ. पिठाची नको, साबुदाण्याची हवी,
लगदा होईतो शिजवून, गरम असतानाच ब्रशने फासायची,
वाळली की कापड टिचकीला डफासारखं बोलतं.
तीन दिवस स्वयंपाकघरात नुसती चिकट वाफ.
माझा वॉल्टर, तेव्हा नऊ वर्षांचा, पातेलं चाटायचा.
"चाटू दे," एनॉक म्हणाला,
"यंत्राचा एवढा एकच भाग पचण्यासारखा आहे."

बोलायचा कमी, आणि बोलला की तिरकं.
चॅपलच्या पायऱ्यांवर म्हातारे चिडवायचे,
बायबलातला एनॉक न मरता वर गेला, तुझं कधी?
तो म्हणायचा, "त्याने उतरायचं कसं ते लिहून ठेवलं नाही.
मला तेवढंच पान हवंय."

पक्ष्यांचं त्याला फारसं कौतुक नव्हतं.
"कुरवाला काय विचारायचं?
जो पडलाय त्याला विचारावं."
म्हणून त्याच्या वहीत सगळी पडझड:
तारीख, वारा कुठला, काय मोडलं, आधी काय मोडलं,
मोडताना आवाज कसा आला.
एका ठिकाणी: "काटकीसारखा. पण ओल्या."

नोव्हेंबरातली ओहोटी, सकाळचे आठ,
वाळू इस्त्री फिरवल्यासारखी.
आम्ही चौघं. मी, वॉल्टर, लोहार हॅरॉप,
आणि एक कोळंबीवाली, तिचं नाव आता आठवत नाही.
इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं.
मला आधी दिसलं नाही, ऐकू आलं:
चाकांची खडखड होती,
आणि मग नव्हती.

हॅरॉपने सतरा सेकंद मोजले.
मी डाव्या पंखाची तिसरी शिवण बघत होते.
ती रात्री घातलेली, दिव्यातलं तेल संपता संपता.

पडला ते गुडघाभर पाण्यात.
आम्ही धावलो. ओठ फुटलेला, पण उभा,
पंखावरून बोट फिरवत.
"बघा," म्हणाला, "कापड फाटलंय. शिवण नाही."
माझ्या कामाला इतकं चांगलं
ना कुठली नवरी म्हणाली, ना कुठलं प्रेत.

पुढच्या वर्षी लंडनहून साहेब आले, मिशांना मेण लावलेले.
"किती वजन नेईल?"
एनॉकने बराच वेळ चष्मा पुसला.
"एक माणूस. घाबरट नसला तर
वर थोडं सामान."
साहेबांनी ते लिहून घेतलं नाही.

छातीत कफ होऊन गेला तो, चौदाच्या फेब्रुवारीत.
वर्कशॉप विकून देणी फिटली.
वही माझ्याकडे आली, कोणालाच नको होती म्हणून.
शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत "उतरताना",
खाली तीन ओळी, तिन्ही खोडलेल्या,
त्याखाली पेन्सिलने:
मिसेस पिंचबेक, दोन टाके, बाकी.

आता दिवसाला चार-पाच जातात डोक्यावरून.
कोण शिवतं कोण जाणे, खळ कसली लावतात.
कपडे वाळत घालताना मी मान वर करत नाही,
आवाज नुसता जाऊ देते.
वॉल्टरला सतरावं संपत आलं.
कालपासून वही मागतोय.
पीठ मळायचंय, असं सांगून
मी अजून ती दिलेली नाही.