चौदा नंबर

कॉव्हेंट्रीच्या रिंगरोडलगत, टायरच्या गोदामामागे
आमची एक गाडी आहे, जी कुठेच जात नाही.
बॉनेट नाही, चाकं नाहीत.
फोम, प्लायवूड, एक खरी सीट
आणि समोर तीन पडद्यांवर
हमरस्ता, नोव्हेंबरातला, कायम ओला.

मी शेजारी बसते, मांडीवर फळी घेऊन.
वेळ मी मोजत नाही, कॅमेरा मोजतो, बुबुळांवरून.
रस्त्यावरची नजर दोन सेकंदांहून जास्त हटली
की माझ्याकडे एक लाल रेघ उठते.
साठ मैलांच्या वेगात दोन सेकंद,
म्हणजे इचलकरंजीतल्या आमच्या शाळेचं पटांगण
या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत
डोळे मिटून.

नावं लिहायची नसतात. म्हणून चौदा नंबर.
वय एकाहत्तर. एकतीस वर्षं फिरती नर्स,
रात्रपाळीला, खेड्याखेड्यांतून,
एका हातात बिस्किट,
डोक्यात पुढच्या पेशंटचं दार.
हे सगळं तिनं पट्टा लावता लावता सांगितलं.
फॉर्ममध्ये विचारलं नव्हतं.

मी वाचलं: समजा, काचेवर वाफ धरली आहे. ती घालवा.

तिचा डावा हात उठला.
डोळे रस्त्यावरच होते.
अंगठा आणि तर्जनी किंचित वाकली
आणि हवेतच,
जिथे या मॉडेलपर्यंत नॉब असायचा तिथे,
जुन्या रेडिओचा कान पिळावा तशी
पाव फेरा फिरली, उजवीकडे.

तिथे काही नव्हतं.
“सॉरी,” ती म्हणाली. गाडीला.

मग काचेचा पडदा. मेनू. दुसरं पान.
तीन नागमोडी बाणांचं चित्र.
“हे काय, टोस्ट भाजायचं?”
सहा पूर्णांक चार सेकंद.
तेवढ्यात पडद्यावरची लॉरी आमच्यातून आरपार गेली,
आवाज न करता.

मीटिंगमध्ये व्हिडिओ लावला.
टोस्टला सगळे हसले, मीही हसले.
हाताशी कुणी थांबलं नाही.
“जरा मागे घेऊ?” म्हटलं.
टोबायस घड्याळाकडे बघत होता.
एक नॉब एक पौंड दहा पेन्स, गुणिले चाळीस हजार गाड्या,
आणि शिवाय ती सत्तरीची आहे,
तरुणांचे हात कोरे असतात, शिकतील.
‘सॉरी’ला आमच्या कोष्टकात रकाना नाही.
मी तो शेऱ्यात लिहिला, पुसला,
परत लिहिला.

मंगळवारी आले तर डॅशबोर्डवर नॉब.
वर्कशॉपातल्या केल्विन ओफोरीनं
रात्री छापलेला, करड्या प्लॅस्टिकचा, कडेला खाचा,
दुहेरी टेपनं चिकटवलेला.
वायर नाही. कशालाच जोडलेला नाही.
“फिरतो तेवढा,” तो म्हणाला, आणि चहाला गेला.
काढायला हवा होता. नियमानं काढायलाच हवा होता.

पंधरा नंबर: बावीस वर्षं, पिझ्झा पोचवतो,
फोन खिशात ठेवताना जीव वर-खाली.
समजा, काचेवर वाफ धरली आहे.
त्याचा कोरा हात गेला, सरळ, न चाचपडता,
जणू तिथे आधी येऊन गेला होता.
फिरवला. पुन्हा फिरवला.
“काही होत नाहीये,” तो म्हणाला,
समोर बघत,
ओल्या रस्त्यावरची नजर न काढता.

वाफ गेली नाही.
लाल रेघही उठली नाही.

अहवालात तेवढंच लिहिलं,
आणि खाली, प्रामाणिकपणे,
कारण विचारलं तर सांगावं लागणारच:
नियंत्रण कार्यरत नव्हते.